पोटातल्या बाळाच्या हृदयातला दोष: पाचव्या महिन्याची सोनोग्राफी काय सांगते, आणि बाळंतपण कुठे करायचं

लेक बडोद्याला दिलेली, माहेर नंदुरबार-नवापूरकडे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी येते. कपडे येतात, गोळ्यांची पिशवी येते, पण सोनोग्राफीची फाईल कितीदा तरी सासरच्या कपाटातच राहते. उलटंही होतं. अक्कलकुवा, तळोद्याकडची बाई सागबारा, डेडियापाडा, राजपिपळामार्गे बडोद्याला जाऊन तपासून येते, आणि पुढचे महिने गावाकडच्या दवाखान्यात काढते. बहुतेक वेळा यात काही बिघडत नाही. पण बाळाच्या हृदयात मोठा दोष असेल, तर तो वेळेत कळला का आणि बाळ कुठे जन्मलं, या दोन गोष्टींवर त्याचा जीव अवलंबून असतो.

जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे साधारण आठ ते दहा बाळांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. त्यातले बरेचसे किरकोळ असतात, काही तर आपोआप भरून येतात. मोठे आणि दुर्मीळ दोष थोड्याच बाळांत असतात, पण जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत जीवावर बेततात ते हेच. यातले बरेच दोष पोटात असतानाच सोनोग्राफीत दिसू शकतात. त्यासाठी योग्य आठवडा, नीट बघणारा डॉक्टर आणि हातातली फाईल, या तिन्ही गोष्टी जमून याव्या लागतात.

पोटात ठणठणीत, जन्मल्यावर निळं. असं का?

घरच्यांना हे पटत नाही. "नऊ महिने बाळ छान फिरत होतं, ठोके चांगले होते, मग एकाएकी काय झालं?" असं ते विचारतात.

पोटात बाळ स्वतःच्या फुप्फुसांनी श्वास घेत नाही. ऑक्सिजन आईच्या रक्तातून वारेत आणि तिथून नाळेवाटे बाळाला मिळतो. फुप्फुसांना काम नसल्यामुळे रक्तासाठी दोन आडवाटा उघड्या असतात. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात एक झडपेसारखी वाट असते. दुसरी वाट म्हणजे फुप्फुसधमनी आणि महाधमनी यांना जोडणारी छोटी नळी. डॉक्टर तिला ‘डक्ट’ म्हणतात. या दोन वाटांमुळे हृदयाचा एखादा भाग नीट बनलेला नसला तरी रक्ताला दुसरा रस्ता मिळतो आणि बाळ वाढत राहतं.

नाळ कापली की वारेचा आधार संपतो. डक्ट पहिल्या दोन-तीन दिवसांत आकसून बंद होते. निरोगी बाळाला याने काही होत नाही. पण ज्या बाळाचं रक्त फुप्फुसाकडे किंवा शरीराकडे फक्त त्या डक्टमधूनच जात होतं, ते बाळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निळं पडतं, दूध सोडतं, गार होतं. काही वेळा तोवर आई-बाळाला घरी सोडलेलंही असतं.

यावर औषध आहे. प्रोस्टाग्लँडिन ई-वन नावाचं औषध शिरेतून चालू केलं की डक्ट उघडी राहते आणि शस्त्रक्रियेपर्यंत वेळ मिळतो. पण हे औषध, ते देणारा नवजात अतिदक्षता विभाग आणि बालहृदयतज्ज्ञ जवळ हवेत. आधी माहीत असेल तर हे सगळं तयार ठेवता येतं.

त्याने किती फरक पडतो, हे पॅरिसमधल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दिसलं. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल झालेली बाळं त्यांनी दहा वर्षं पाहिली. ज्या २५० बाळांचं निदान जन्मानंतर झालं, त्यातली १५ शस्त्रक्रियेपर्यंत पोचलीच नाहीत, आणखी २० शस्त्रक्रियेनंतर दगावली. ज्या ६८ बाळांचा दोष आधीच कळला होता, त्यातलं एकही दगावलं नाही. दोष तोच होता. फरक होता तो आधी कळण्याचा आणि योग्य जागी जन्मण्याचा.

महिने नको, आठवडे मोजा

आपल्याकडे आणि गुजरातेतही घरात हिशेब महिन्यांचा असतो. डॉक्टर मात्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतात. या दोन हिशेबांच्या गोंधळात तारीख निघून जाते.

११ ते १३ आठवडे: या सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागच्या पाण्याच्या थराची जाडी मोजतात. तिला ‘एनटी’ म्हणतात. ती ३.५ मिलिमीटर किंवा जास्त असेल, तर गुणसूत्रांच्या तपासणीबरोबर हृदयाचीही वेगळी तपासणी करायला सांगतात.

१८ ते २२ आठवडे: हा ‘ॲनॉमली स्कॅन’. बाळाचा मेंदू, पाठीचा कणा, हृदय, मूत्रपिंडं, हात-पाय असं सगळं अंग यात बघतात. पाचवा महिना लागतो तेव्हा साधारण साडेसतरा आठवडे झालेले असतात आणि संपतो तेव्हा बावीसच्या आसपास. म्हणजे पाचवा महिना लागला की आठ-पंधरा दिवसांत नंबर लावायचा.

१८ ते २४ आठवडे: शंका असेल किंवा धोका जास्त असेल तर ‘फीटल इको’. यात फक्त हृदय बघतात, कलर डॉप्लरने रक्त कुठून कुठे वाहतंय हेही तपासतात. अर्धा-पाऊण तास लागू शकतो. आईला सुई नाही, दुखणं नाही.

२८ ते ३२ आठवडे: काही दोष बाळ वाढतं तसे वाढतात. अरुंद झडप किंवा अरुंद महाधमनीची शंका असेल तर पुन्हा बघतात.

डोहाळजेवणाच्या सुमाराला, म्हणजे सव्वीस आठवड्यांनंतर, पहिल्यांदाच सोनोग्राफी करणारी कुटुंबं आजही आहेत. तेव्हा केलेली तपासणीही न केल्यापेक्षा बरीच. पण तोवर बरगड्या कठीण होऊन त्यांची सावली हृदयावर पडते, बाळ कुशी बदलत नाही, आणि दुसरं मत घ्यायला किंवा निर्णय करायला वेळ कमी उरतो.

पडद्यावर डॉक्टर काय बघतात?

विसाव्या आठवड्यात बाळाचं हृदय जेमतेम द्राक्षाएवढं असतं आणि मिनिटाला १२० ते १६० वेळा धडधडतं, म्हणजे सेकंदाला दोनपेक्षा जास्त. एवढ्याशा, सतत हलणाऱ्या गोष्टीत दोष शोधायचा म्हणजे क्रम ठरलेला लागतो. बाळाच्या पोटापासून सुरू करून गळ्याकडे सरकत जाणारी पाच आडवी दृश्यं, ही आज जगभर वापरली जाणारी पद्धत आहे.

पहिलं दृश्य पोटाचं. बाळाची डावी बाजू कुठली हे आधी ठरवतात. जठर डावीकडे हवं, हृदयाचं टोकही डावीकडे हवं. दोन्ही वेगवेगळ्या बाजूला असतील तर अवयवांच्या मांडणीतच गडबड आहे आणि हृदयात गुंतागुंतीचा दोष असण्याची शक्यता मोठी.

दुसरं चार कप्प्यांचं. वर दोन कर्णिका, खाली दोन जवनिका. हृदयाने छातीची साधारण एक तृतीयांश जागा व्यापलेली हवी आणि ते डावीकडे सुमारे ४५ अंशांत कललेलं हवं. डावे-उजवे कप्पे जवळपास सारखे, मधला पडदा सलग, दोन्ही झडपा उघडझाप करणाऱ्या. उजवीकडची झडप डावीकडच्यापेक्षा किंचित खाली, टोकाकडे असते.

तिसऱ्या दृश्यात डाव्या जवनिकेतून निघणारी महाधमनी, चौथ्यात उजव्या जवनिकेतून निघणारी फुप्फुसधमनी. या दोघी कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींवरून ओलांडून गेल्या पाहिजेत.

पाचवं दृश्य गळ्याच्या खाली: तीन रक्तवाहिन्या आणि श्वासनलिका. फुप्फुसधमनी, महाधमनी आणि वरची महाशीर, मोठीपासून लहानीपर्यंत एका रांगेत दिसतात. पहिल्या दोघी पुढे श्वासनलिकेच्या डाव्या अंगाला एकत्र येतात.

लंडनच्या डॉ. लिंडसे ॲलन आणि इतरांनी १९८०च्या दशकात चार कप्प्यांचं दृश्य नेहमीच्या सोनोग्राफीत आणलं, ते मोठं पाऊल होतं. पण नुसते चार कप्पे बघून थांबलं तर काही जीवघेणे दोष निसटतात, कारण त्यात चारही कप्पे चांगले दिसतात आणि बिघाड वरच्या धमन्यांत असतो. म्हणून रिपोर्टमध्ये चार कप्प्यांबरोबर दोन्ही ‘आउटफ्लो’ आणि ‘थ्री व्हेसल’ दृश्य बघितल्याचा उल्लेख आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. असं विचारण्यात उद्धटपणा नाही.

दुर्मीळ दोष कोणते, आणि ते कुठे सापडतात?

धमन्यांची अदलाबदल: महाधमनी उजवीकडून आणि फुप्फुसधमनी डावीकडून निघते. चार कप्पे बहुधा ठीक दिसतात, पण धमन्या एकमेकींना न ओलांडता समांतर धावतात. जन्मल्यावर रक्ताची दोन वेगळी वर्तुळं होतात आणि ऑक्सिजन शरीराला मिळत नाही. गरज पडल्यास फुग्याने वरच्या पडद्यातली वाट मोठी करतात आणि पहिल्या काही आठवड्यांत धमन्या बदलण्याची शस्त्रक्रिया करतात. अशी मुलं पुढे शाळेत जातात, खेळतात.

डाव्या बाजूची वाढ खुंटणं: डावी जवनिका अगदी छोटी राहते. हे चार कप्प्यांतच दिसतं. यावर टप्प्याटप्प्याने तीन शस्त्रक्रिया असतात. उपचार अवघड आहेत आणि मोजक्याच ठिकाणी होतात.

एकच मोठी धमनी: दोनऐवजी एकच धमनी हृदयातून निघते, तिच्याखाली पडद्याला भोक असतं. ‘ट्रंकस’ म्हणतात ते हेच.

एब्स्टीनचा दोष: उजवी झडप फार खाली सरकलेली, उजवी कर्णिका फुगलेली, हृदय मोठं दिसतं.

फुप्फुसशिरा चुकीच्या जागी जोडलेल्या: फुप्फुसांतून येणारं रक्त डाव्या कर्णिकेऐवजी दुसरीकडे जातं. पोटात सापडायला फारच अवघड दोषांपैकी हा एक. डाव्या कर्णिकेमागे जागा जास्त वाटणं एवढीच खूण कधी कधी असते.

श्वासनलिकेभोवती धमन्यांचं कडं: महाधमनीची कमान दुहेरी किंवा उजवीकडून गेलेली असते. फक्त पाचव्या दृश्यात कळतं. यात गुणसूत्रांची तपासणी सुचवतात.

हृदयातली गाठ: पांढरट गोळा दिसतो. बहुतेक वेळा तो कर्करोग नसतो, पण एकापेक्षा जास्त गाठी असतील तर ‘ट्यूबरस स्क्लेरोसिस’ या आनुवंशिक आजाराची शक्यता तपासावी लागते.

पूर्ण हार्ट ब्लॉक: ठोके मिनिटाला ५०-६० वर येतात. हृदयाची घडण नीट असूनही हे झालं, तर बहुतेकदा कारण आईच्या रक्तातली ‘अँटी-आरओ’ नावाची प्रतिद्रव्यं असतात. अनेक आयांना स्वतःला काहीच त्रास नसतो आणि बाळाच्या ठोक्यांवरून आईचा आजार कळतो.

रिपोर्टमधल्या कशाला घाबरायचं नाही?

"हृदयात पांढरा ठिपका आहे" हे ऐकून कितीतरी घरांत चूल पेटत नाही. इंग्रजी रिपोर्टमध्ये त्याला ‘इकोजेनिक फोकस’ म्हणतात. बाकी सगळं ठीक असेल तर हा हृदयाचा दोष नाही. बाळाच्या हृदयाच्या कामावर त्याने काही परिणाम होत नाही. डॉक्टर फक्त आधीच्या रक्ततपासण्यांशी तो ताडून बघतात.

पडद्याला छोटं छिद्र असणं ही दुसरी भीती. स्नायूंच्या भागातली छोटी छिद्रं बऱ्याचदा जन्मापूर्वी किंवा पहिल्या एक-दोन वर्षांत बंद होतात.

सोनोग्राफीची मर्यादाही माहीत असू द्या. वरच्या पडद्यातली वाट आणि डक्ट पोटात सगळ्याच बाळांची उघडी असते. त्यामुळे जन्मानंतर ती बंद होईल की नाही, हे आधी कोणी सांगू शकत नाही. छोटी छिद्रं, महाधमनीचा अरुंदपणा आणि चुकीच्या जोडलेल्या फुप्फुसशिरा चांगल्या हातांतूनही निसटतात. आईचं वजन जास्त असेल किंवा बाळ पाठमोरं असेल तर चित्र धूसर येतं. अशा वेळी "आठ दिवसांनी परत या" असं सांगितलं तर ती टाळाटाळ समजू नका. परत जा.

फीटल इको कोणी करून घ्यावा?

आधीच्या मुलाला, आईला किंवा वडिलांना जन्मजात हृदयदोष असेल तर. गरोदर राहण्याआधीपासून आईला मधुमेह असेल तर. आईला ल्युपस किंवा तत्सम आजार असेल तर. फिटची किंवा मानसिक आजाराची काही औषधं चालू असतील तर, विशेषतः व्हॅल्प्रोएट आणि लिथियम. पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला असेल तर. एकाच वारेवर वाढणारी जुळी असतील तर. एनटी जाड निघाला किंवा बाळात दुसरा एखादा दोष दिसला तर. फिटची औषधं मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, त्याने आई आणि बाळ दोघांना धोका होतो.

पण ही यादी वाचून "आमच्याकडे असं काही नाही" म्हणून निवांत होऊ नका. हृदयदोष असलेली बहुतेक बाळं अशा आयांना होतात, ज्यांच्यात यातलं एकही कारण नसतं. म्हणून पाचव्या महिन्याची सोनोग्राफी प्रत्येकीची नीट व्हायला हवी.

आणि एक. ग्रहणात विळीला हात लावला, पपई खाल्ली, जड हंडा उचलला, यातून हृदयात दोष होत नाही. हृदयाची घडण साधारण दहाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण होते, पुष्कळ जणींना तोवर दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. सासूने सुनेला आणि सुनेने स्वतःला दोष देण्याचं कारण नाही.

दोष सापडला तर पुढे काय?

घाईत काही ठरवू नका, पण उशीरही करू नका. पहिल्यांदा बालहृदयतज्ज्ञाकडून फीटल इको करून निदान पक्कं करा. दुसरं मत घ्यायला संकोच नको. गरज असेल तर गर्भजलाची तपासणी होते, कारण काही दोषांबरोबर गुणसूत्रांचा आजार असतो आणि त्यावर बाळाचं पुढचं आयुष्य ठरतं.

मग डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. जन्मल्यावर लगेच उपचार लागतील की महिन्यांनी? एका शस्त्रक्रियेत काम होईल की अनेक? ती कुठे होते? आणि असं मूल मोठं होऊन कसं जगतं?

अगदी थोड्या दोषांवर पोटातच उपचार होतात. मार्च २०२३ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉक्टरांनी आईच्या पोटातून सुई घालून द्राक्षाएवढ्या हृदयातली अरुंद वाट फुग्याने रुंद केली, मुख्य काम ९० सेकंदांत आटोपलं. पण असं क्वचितच करतात. बहुतेक बाळांसाठी पोटात असताना करायचा उपचार म्हणजे जन्माची जागा ठरवणं.

बाळंतपण माहेरी की हॉस्पिटलजवळ?

सीमेवरच्या घरांत खरा पेच इथे येतो. पहिलं बाळंतपण माहेरीच, ही आपली रीत आहे आणि तिच्यामागे लेकीच्या आरामाचा विचार आहे. पण बाळ डक्टवर अवलंबून आहे असं तज्ज्ञांनी सांगितलं असेल, तर रीत बाजूला ठेवा. आईलाच लेकीकडे जाऊ द्या. जन्मलेल्या, निळ्या पडलेल्या बाळाला घेऊन घाटातून रात्री जीप पळवण्यापेक्षा बाळ पोटात असतानाच शहर गाठणं शतपटीने सुरक्षित. बाळाला हलवायला सगळ्यात चांगली अँब्युलन्स म्हणजे आईचं पोट, असं डॉक्टर म्हणतात ते उगीच नाही. तारखेच्या दोन-तीन आठवडे आधीच जवळ राहायला जा. हृदयदोष आहे म्हणून सिझेरियनच करावं लागतं असंही नाही, बहुतेक बाळं नैसर्गिक प्रसूतीने जन्मू शकतात.

बडोद्यात सर सयाजीराव जनरल हॉस्पिटल, म्हणजे एसएसजी, हे बडोदा मेडिकल कॉलेजचं सरकारी रुग्णालय आहे. छोटाउदेपूर, पंचमहाल आणि मध्य प्रदेशच्या सीमेकडूनही तिथे रुग्ण येतात. दांडिया बाजार, रावपुऱ्यात मराठी बोलणारी माणसं आजही भेटतात, त्यामुळे भाषेची अडचण फारशी नाही. पण नवजात बाळाच्या हृदयाची शस्त्रक्रिया हा वेगळा विषय आहे. ती कुठे होणार हे बाळंतपणाआधी पक्कं करा. बडोद्याहून सुमारे ११० किलोमीटरवर अहमदाबादला सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात यू. एन. मेहता हृदयरोग संस्था आहे. मुंबईकडे परळचं वाडिया बालरुग्णालय आहे. खारघर, अहमदाबाद आणि राजकोट इथे सत्य साई संस्थांची रुग्णालयं हृदय शस्त्रक्रिया मोफत करतात. ती काही दिवसांच्या बाळाला लगेच घेतात का, हे आधी फोन करून विचारा.

पैशांचं गणितही तेव्हाच जुळवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला तो पालघरमधून, म्हणजे आपल्याच सीमापट्टीतून. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे जन्मजात हृदयदोष त्यात येतात. पण त्याची अंमलबजावणी प्रत्येक राज्य आपापल्या पद्धतीने करतं. रेशनकार्ड महाराष्ट्राचं आणि शस्त्रक्रिया गुजरातेत, असं असेल तर कुठली योजना लागू पडेल हे जिल्हा रुग्णालयातल्या केंद्रात आणि जिथे शस्त्रक्रिया आहे तिथल्या योजना खिडकीवर, दोन्हीकडे विचारा. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातल्या योजनेतल्या रुग्णालयातही चालतं. कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का, हे आजच बघून ठेवा. ऐन वेळी अडतं ते इथेच.

कायदा काय म्हणतो?

गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा आहे आणि तो महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश सगळीकडे सारखाच आहे. सीमा ओलांडली म्हणून तो बदलत नाही. हृदयाची तपासणी त्यात पूर्ण कायदेशीर आहे. त्यासाठी ओळखपत्र लागतं, फॉर्म भरतात, बाईची सही घेतात. मुलगा की मुलगी हे विचारू नका, सांगणाऱ्याकडे जाऊ नका. विचारणाऱ्यालाही तुरुंगवास आहे.

दोष फार गंभीर असेल आणि गर्भ ठेवायचा की नाही असा प्रश्न आला, तर आठवड्यांचा हिशेब इथेही येतो. २००८ मध्ये मुंबईतल्या एका दाम्पत्याला बाळाच्या हृदयात पूर्ण ब्लॉक आणि धमन्यांचा दोष असल्याचं चोविसाव्या आठवड्यात कळलं. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांच्यासह ते उच्च न्यायालयात गेले. तेव्हा कायद्याची मर्यादा २० आठवड्यांची होती. न्यायालयाने परवानगी नाकारली, पण कायदा बदलण्याची चर्चा देशभर सुरू झाली. २४ सप्टेंबर २०२१ पासून नवी दुरुस्ती लागू आहे. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत कायद्याने ठरवलेल्या कारणांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि गर्भातला गंभीर दोष हे त्यातलं एक कारण आहे. २४ आठवड्यांनंतर गंभीर दोष असेल तर सरकारी वैद्यकीय मंडळ ठरवतं. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी आहे, नवऱ्याची किंवा सासऱ्यांची सही कायदा मागत नाही. ठेवायचं की नाही, हा निर्णय तिचा. तो शांतपणे करता यावा एवढा वेळ तिला मिळायला हवा, म्हणूनही अठरावा आठवडा चुकवू नका.

जन्मानंतरची दुसरी चाळणी

सोनोग्राफी नॉर्मल असली तरी बाळ घरी नेण्याआधी एक सोपी तपासणी मागून घ्या. जन्मानंतर २४ तासांनी बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावतात. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी पाहिलं तसंच यंत्र, फक्त बाळाला लावायचा सेन्सर वेगळा. आकडा ९५ किंवा जास्त आणि हात-पायातला फरक ३ पर्यंत असेल तर ठीक. ९० च्या खाली असेल तर लगेच तज्ज्ञ हवा. मधला आकडा आला तर तासाभराने पुन्हा बघतात.

घरी गेल्यावरही लक्ष ठेवा. जीभ आणि ओठ निळे, पिताना धाप लागणं, कपाळावर घाम, दोन घोट पिऊन दमून झोपणं, पाय गार. हे "थंडी वाजली असेल" म्हणून सोडून देऊ नका. १०८ नंबर दोन्ही राज्यांत चालतो.

फाईलमध्ये काय हवं?

शेवटच्या पाळीची तारीख आणि पहिली सोनोग्राफी. एनटी आणि ॲनॉमली स्कॅनचे रिपोर्ट, छापील चित्रांसह. फीटल इको झाला असेल तर तो. रक्तगट, साखर, थायरॉईडचे रिपोर्ट. चालू औषधांची चिठ्ठी. तज्ज्ञाने बाळंतपण कुठे करा म्हटलं असेल तर ते लेखी. सगळ्याचे फोटो काढून नवऱ्याच्या, आईच्या आणि आशाताईंच्या अशा तीन मोबाईलवर ठेवा.

नवापूरच्या रेल्वे स्टेशनवर अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. आपली माणसं रोज तो ओलांडतात. लेक माहेरी यायला निघेल तेव्हा तिच्या पिशवीत ही फाईल आहे का, हे गाडीत बसण्याआधी एकदा बघा.